युनायटेड २३२ : शेपटीतलं इंजिन फुटल्यानंतरची चव्वेचाळीस मिनिटं (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

भोसरीतल्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं क्वालिटीत काढली. त्यातली निम्मी तरी फोर्जिंगमधले, म्हणजे तापवून ठोकून घडवलेल्या धातूच्या भागांमधले, तडे शोधण्यात गेली. नवीन पोरांना डीपी टेस्ट (रंगीत द्रव लावून धातूतले बारीक तडे शोधायची तपासणी) शिकवताना पहिल्या दिवशी मी एका विमानाची हकिकत सांगायचो. ती मुलं आता चाकण, रांजणगाव, होसूर, कुठं कुठं आहेत. अजून फोन करतात आणि त्या विमानाबद्दल तेच तेच विचारतात. म्हणून एकदाच सगळं इथं लिहून ठेवतो.

नेमकं काय झालं होतं?

१९ जुलै १९८९. युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-१० जातीचं विमान अमेरिकेत डेन्व्हरहून शिकागोला निघालं होतं, तिथून पुढं फिलाडेल्फियाला जायचं होतं. उड्डाण क्रमांक २३२. विमानात २९६ माणसं : २८५ प्रवासी आणि ११ कर्मचारी. दुपारी ३ वाजून १६ मिनिटांनी, आयोवा राज्यावर ३७,००० फूट उंचीवर असताना शेपटीतल्या इंजिनाचा पुढचा पंखा फुटला. त्याच्या तुकड्यांनी विमानाच्या तिन्ही हायड्रॉलिक यंत्रणा निकामी केल्या. वैमानिकाच्या हातातलं चाक आणि पायाखालची पेडल्स फक्त नावापुरती उरली. तिथून ४४ मिनिटांनी, चारच्या सुमारास, विमान सू सिटीच्या विमानतळावर आदळलं, मोडलं, पेटलं. ११२ जण गेले. १८४ वाचले.

हे दोन्ही आकडे सोबतच सांगावेत असं मला वाटतं. नुसता १८४ सांगितला की चमत्काराची कथा होते, नुसता ११२ सांगितला की त्या चव्वेचाळीस मिनिटांतले कष्ट पुसले जातात.

विमानाला तीन इंजिनं होती ना? एक गेलं तर एवढं काय?

बरोबर. एक इंजिन प्रत्येक पंखाखाली आणि तिसरं शेपटीत. शेपटीतलं नुसतं बंद पडलं असतं तर उरलेल्या दोघांवर विमान आरामात शिकागोला पोचलं असतं. पण ते बंद पडलं नाही, फुटलं. पंखा ज्या टायटॅनियमच्या चकतीवर बसवलेला असतो ती पूर्ण वेगात फिरत असताना दुभंगली. ही चकती सुमारे १७० किलोंची. त्या वेगानं सुटलेला तुकडा इंजिनाचं आवरण अडवू शकत नाही, आजही नाही. आवरण तुटलेलं पातं थोपवण्यासाठी असतं, चकती थोपवण्यासाठी नाही. चकती तुटायचीच नाही, हेच तिचं डिझाइन. म्हणून तर तिच्या तपासणीला इतकं महत्त्व.

हायड्रॉलिक म्हणजे नक्की काय, आणि तीन असूनही तिन्ही एकदम कशा गेल्या?

जेसीबीचा हात ज्या तत्त्वावर उचलतो तेच. पाइपमधून दाबाखालचं तेल जातं आणि त्या तेलाच्या जोरावर पंखांच्या, शेपटीच्या कडांवरचे मोठमोठे हलते भाग वर-खाली, डावीकडे-उजवीकडे होतात. एवढ्या मोठ्या विमानाचे हे भाग नुसत्या हाताच्या जोरानं हलत नाहीत.

डीसी-१० मध्ये अशा तीन स्वतंत्र यंत्रणा होत्या. एकीचं तेल दुसरीत जात नव्हतं, पंप वेगळे होते. कागदावर तिन्ही एकदम जाण्याची शक्यता इतकी नगण्य मानलेली होती की त्यासाठी वैमानिकांना कुठलीच कार्यपद्धती दिलेली नव्हती. पण शेपटीचे भाग हलवायचे म्हणजे तिन्हींचे पाइप शेपटीपर्यंत न्यावेच लागले, आणि तिथं ते फुटणाऱ्या इंजिनाच्या आसपासच होते. दोन नंबरची यंत्रणा इंजिनासोबतच गेली. एक आणि तीनचे पाइप उडालेल्या तुकड्यांनी कापले. तेल गळून गेलं.

घराला तीन कुलपं लावायची आणि तिन्ही किल्ल्या एकाच खिळ्याला अडकवायच्या, असं ते होतं. हे मी दर बॅचला सांगायचो, कारण आपल्याकडंही दोन सेन्सर बसवून दोघांना एकाच फ्यूजवर ठेवणारे भेटतात.

वैमानिकांना हे कधी कळलं?

धमाक्यानंतर लगेच त्यांनी इंजिन बंद करण्याची नेहमीची यादी हाती घेतली. विमान तेव्हा सहवैमानिक विल्यम रेकॉर्ड्स चालवत होते. त्यांनी कॅप्टनना सांगितलं की विमान माझ्या ताब्यात नाही. कॅप्टन अल हेन्स यांनी वळून पाहिलं तर रेकॉर्ड्सनी चाक पूर्ण डावीकडे फिरवलेलं आणि अंगाशी पूर्ण ओढलेलं. उडत्या विमानात असं चाक कुणी कधी धरत नाही. आणि तरीही विमान उजवीकडे कलंडत चाललेलं. आणखी थोडं कलंडलं असतं तर पाठीवरच गेलं असतं.

हेन्सनी डाव्या इंजिनाची पॉवर काढून घेतली आणि उजव्याची पूर्ण वाढवली. उजवा पंख हळूहळू वर आला. असं करायला त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं. आपण ते का केलं हे स्वतःलाही सांगता येत नाही, असं ते नंतर प्रांजळपणे म्हणत.

फ्लाइट इंजिनिअर डडली ड्वोराक यांच्या समोरच्या तिन्ही हायड्रॉलिक काट्यांवर दाब शून्य होता, टाक्यांत तेल शून्य. त्यांनी कंपनीच्या देखभाल केंद्राशी रेडिओवर संपर्क साधला. तिकडच्या तज्ज्ञांचा विश्वासच बसेना. पुन्हा पुन्हा तोच प्रश्न, आणि ड्वोराक यांचं पुन्हा पुन्हा तेच उत्तर : तिन्ही गेल्या आहेत. मदत मिळाली नाही, कारण देण्यासारखी मदत अस्तित्वातच नव्हती.

मग विमान चालवलं कशानं?

दोन थ्रॉटलनं, म्हणजे इंजिनांची पॉवर कमी-जास्त करणाऱ्या दांड्यांनी. बस्स.

उजव्या इंजिनाला जास्त पॉवर दिली की विमान डावीकडे वळू पाहतं, डाव्याला दिली की उजवीकडे. दोन्हींना वाढवली की नाक उचलतं, कमी केली की खाली जातं. ऐकायला सोपं वाटतं. पण इंजिन म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. थ्रॉटल पुढं ढकलला तरी जोर यायला काही सेकंद जातात, आणि तोवर विमान दुसरंच काहीतरी करू लागलेलं असतं.

त्यात भर म्हणजे विमान लाटेसारखं वर-खाली होत होतं. लहानपणी कागदाचं विमान उडवलं असेल तर हे पाहिलं असेल. नाक खाली करतं, वेग घेतं, वेगानं आपोआप वर उचलतं, वर गेलं की वेग मरतो, पुन्हा नाक खाली. डीसी-१० ची अशी एक लाट साधारण मिनिटभराची होती. ती शमवायची तर लाट येण्याआधीच उलटं काम करायला लागतं. नाक खाली जात असताना, जमीन समोर दिसत असताना, पॉवर वाढवायची, आणि विमान वर चढत असताना कमी करायची. मनाला जे सांगावंसं वाटतं त्याच्या नेमकं उलट. त्यातून विमान सतत उजवीकडेच ओढ घेत होतं. सू सिटीला पोचेपर्यंत त्यांनी जवळजवळ सगळी वळणं उजवीकडचीच घेतली.

डेनिस फिच हे कोण? ते ड्यूटीवर नव्हते म्हणतात.

नव्हते. ते युनायटेडमध्येच डीसी-१० च्या वैमानिकांना शिकवणारे, त्यांची परीक्षा घेणारे प्रशिक्षक होते आणि त्या दिवशी प्रवासी म्हणून पहिल्या वर्गात बसून घरी निघाले होते. हवाई सेविकेचा चेहरा उतरलेला पाहून त्यांनीच तिला धीर दिला की हे विमान दोन इंजिनांवर छान उडतं. तिच्याकडून कळलं की प्रश्न इंजिनाचा नाही, विमान ताब्यातच राहिलेलं नाही. त्यांनी निरोप पाठवला : मी इथं आहे, उपयोग असेल तर बोलवा.

हेन्सनी लगेच बोलावलं. फिच दोन खुर्च्यांच्या मध्ये बसले आणि दोन हातांत दोन थ्रॉटल धरले. हेन्स आणि रेकॉर्ड्स बाहेर बघून, काटे बघून सांगत राहिले, फिच थ्रॉटल हलवत राहिले. जवळपास अर्धा तास. उतरण्याच्या थोडं आधी ड्वोराकनी स्वतःची खुर्ची त्यांना दिली आणि स्वतः मागच्या जोड-आसनावर गेले, कारण आता थ्रॉटल दुसऱ्या कुणाच्या हातात देण्यात अर्थ नव्हता.

मला या सगळ्या हकिकतीत सर्वांत जास्त भिडतो तो हा प्रसंग. हेन्स ५७ वर्षांचे, तेहेतीस वर्षं त्याच कंपनीत वैमानिक. ज्या माणसाला ते ओळखतही नव्हते, त्याच्या हातात त्यांनी विमान दिलं. ओळख करून घ्यायला दोन वाक्यं, आणि कामाला लागले.

इतक्या वरिष्ठ कॅप्टननं असं सहज कसं ऐकलं? त्या काळात कॅप्टनचा शब्द शेवटचा असायचा ना?

असायचाच, आणि त्यानंच माणसं मेली होती. २८ डिसेंबर १९७८ ला याच कंपनीचं एक विमान पोर्टलंडजवळ पडलं. चाकांचा बिघाड निस्तरण्यात कॅप्टन गुंतले आणि इंधन संपलं. इंजिनिअरच्या ध्यानात ते येत होतं, पण त्यांनी ते ठासून सांगितलं नाही आणि वर ते पोचलं नाही. दहा जण गेले. त्यानंतर युनायटेडनं कॉकपिटमधल्या सगळ्यांनी मिळून कसं काम करायचं याचं रीतसर प्रशिक्षण सुरू केलं. कॅप्टननं विचारायचं, धाकट्यांनी बोलायचं, आणि बोललेलं ऐकून घ्यायचं.

आपण चौघं मिळून १०३ वर्षांचा अनुभव त्या कॉकपिटमध्ये होता, पण असं विमान उतरवण्याचा एका मिनिटाचाही अनुभव कुणाकडं नव्हता, मग माझंच म्हणणं बरोबर असं मी कशाला धरून बसू, अशा अर्थाचं हेन्स नेहमी सांगत. हे प्रशिक्षण नसतं तर आपण पोचलोच नसतो, असंही.

सू सिटीच का? शिकागो किंवा डेन्व्हरला परत का नाही?

जवळचं तेच होतं. एवढं मोठं विमान तिथं एरवी येत नसे. टॉवरमध्ये केव्हिन बॅकमन नावाचे नियंत्रक होते. त्यांचा आवाज शेवटपर्यंत शांत राहिला, आणि हेन्सनी त्याचं श्रेय त्यांना वारंवार दिलं. हेन्सनी बॅकमनना बजावलं होतं की काहीही झालं तरी आम्हाला शहरापासून दूर ठेवा.

एक क्षण ध्वनिमुद्रणातला आहे. बॅकमन म्हणाले, कुठल्याही धावपट्टीवर उतरायला परवानगी आहे. हेन्स हसले आणि म्हणाले, म्हणजे धावपट्टीच हवी असा आग्रह आहे तर. मृत्यू समोर असताना ते दोन सेकंद हसू शकले, आणि त्यानं कॉकपिटमधला ताण थोडा तरी सैल झाला असणार.

ते चुकीच्या धावपट्टीवर उतरले हे खरं का?

ठरवली होती ३१ क्रमांकाची लांब धावपट्टी. पण विमान समोर आलं ते २२ क्रमांकाच्या, वापरातून काढलेल्या, सुमारे ६,६०० फुटांच्या धावपट्टीसमोर. परत फिरून नीट येणं अशक्य होतं. गंमत बघा असं म्हणवत नाही, पण अग्निशमनाच्या गाड्या नेमक्या तिथंच उभ्या केलेल्या होत्या. हातात असलेल्या थोड्याशा वेळात त्या हलवल्या गेल्या.

ते धावपट्टीपर्यंत पोचले होते, मग आदळलं कसं?

नेहमी असं विमान साधारण १४० नॉटनं टेकतं. हे २१५ नॉटनं आलं, म्हणजे ताशी ४०० किलोमीटर. वेग कमी करण्यासाठी पंखांच्या ज्या पट्ट्या बाहेर काढतात त्याही हायड्रॉलिकवरच्या, त्यामुळे मिळाल्या नाहीत. खाली येण्याचा वेग मिनिटाला १,८५० फूट, नेहमीच्या कितीतरी पट. चाकं तेवढी स्वतःच्या वजनानं खाली पडली आणि अडकली.

जमिनीपासून शंभरेक फुटांवर असताना पुन्हा ती लाट आली. नाक खाली गेलं, उजवा पंख झुकला आणि आधी टेकला. विमान गरगरलं, शेपूट तुटली, कॉकपिट तुटून वेगळं झालं, मधला मोठा भाग उलटा होऊन शेजारच्या मक्याच्या शेतात जाऊन पडला. आत माणसं पट्ट्यांना उलटी लटकत होती. जुलैतला मका, पुरुषभर उंच. धुरातून बाहेर पडलेल्या कित्येकांना आपण कुठं आहोत तेच कळेना. सगळीकडे फक्त हिरवी पानं. काही जणांच्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, आणि शेजारच्या रांगेतले गेले होते. चौकशीच्या अहवालात १३ जण पूर्णपणे विनाजखम होते अशी नोंद आहे.

कॉकपिटचा भाग चेपून कमरेएवढा झाला होता. त्यात कुणी जिवंत असेल असं बराच वेळ कुणाला वाटलंच नाही. चौघंही जिवंत निघाले, चौघंही पुढं पुन्हा विमानं चालवू लागले.

एवढे लोक वाचले ते नशिबानं?

नशीब होतंच, हेन्सही पहिलं नाव त्याचंच घेत. लख्ख दिवस होता, वादळ नव्हतं. महिन्यातला नेमका तो दिवस असा की आयोवा एअर नॅशनल गार्डचे २८५ जण त्या विमानतळावरच हजर होते. शहरातल्या दोन्ही मोठ्या रुग्णालयांत पाळी बदलण्याची वेळ होती, म्हणजे दोन पाळ्यांचे डॉक्टर आणि नर्स एकाच वेळी मिळाले.

पण दोन वर्षं आधी, १९८७ मध्ये, तिथल्या लोकांनी एक मोठी रंगीत तालीम केली होती. गृहीत काय धरलं होतं? बंद धावपट्टीवर मोठं विमान कोसळलं आहे आणि सुमारे दीडशे जण जिवंत आहेत. जे विमान तिथं कधी येत नाही त्याची तालीम कशाला, असं म्हणून ते टाळता आलं असतं. त्यांनी टाळलं नाही. आपल्याकडच्या कारखान्यांत मॉक ड्रिल म्हणजे फोटो काढून सही करायची, हे मी बघितलेलं आहे, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

मुळात ती चकती का तुटली? (हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो.)

चकती मिळाल्याशिवाय सांगता येत नव्हतं. ती अल्टा गावाच्या परिसरात पडली होती, पण शेतं अफाट आणि मका उभा. इंजिन बनवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकनं बक्षीस जाहीर केलं. ऑक्टोबरात मका काढताना एका शेतकरी बाईंना ती सापडली.

तिच्यात जे दिसलं ते असं. १९७१ मध्ये टायटॅनियम वितळवताना एका जागी नायट्रोजन जास्त मिसळून एक ठिसूळ कण तयार झाला. पुढं तो कण निखळला आणि चकतीच्या मधल्या भोकाच्या आतल्या बाजूला मोहरीच्या दाण्याएवढी खाच राहिली. प्रत्येक उड्डाणाला चकती ताणली जाते, सैल होते. त्या खाचेतून तडा निघाला आणि दर उड्डाणाला केसाकेसानं वाढत गेला. सतरा वर्षं.

तपासणीत दिसला नाही?

नाही. आणि दिसायला हवा होता. शेवटची तपासणी तुटण्याच्या ७६० उड्डाणं आधी झाली होती. तेव्हा तडा जवळजवळ अर्धा इंच लांब होता असा चौकशीचा निष्कर्ष आहे. पद्धत आपलीच, डीपीची : पेनिट्रंट (तड्यात शिरणारा चमकता द्रव) लावायचं, पुसायचं, डेव्हलपर (तो द्रव तड्यातून बाहेर ओढणारी भुकटी) मारायचा, अंधाऱ्या खोलीत काळ्या, म्हणजे अतिनील, दिव्याखाली बघायचं. तडा असेल तर हिरवट पिवळी रेघ चमकते. ज्यानं ती पाहिली आहे त्याला माहीत आहे की ती किती बारीक असते, आणि तीन तास कोरे पार्ट बघितल्यावर डोळा कसा पुढं सरकतो.

माझ्या हातून असा एक पार्ट सुटला आहे. रात्रपाळी होती, चौथा तास. ग्राहकाकडून परत आला तेव्हा रेघ नखानं जाणवत होती. कुणाला इजा झाली नाही, एवढंच.

अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळानं १९९० मध्ये जो अहवाल दिला त्यात कारण म्हणून युनायटेडच्या इंजिन केंद्रातल्या तपासणीत माणसाच्या मर्यादांचा पुरेसा विचार झाला नव्हता, असं लिहिलं. पार्ट कसा टांगला आहे, भोकाच्या आत नीट बघता येतं का, उजेड किती, पुढची नजर दुसऱ्या कुणाची आहे का, हे ठरवणं व्यवस्थेचं काम. मी हे वाचलं त्यानंतर आमच्याकडं काळ्या दिव्याखाली एका माणसाला सलग बसवणं बंद करायला लावलं. दोन वर्षं भांडावं लागलं.

नंतर विमानांत काय बदललं?

डीसी-१० च्या तिसऱ्या यंत्रणेत शेपटीकडं एक झडप बसवली, गळती सुरू झाली की ती बंद होते आणि पुढच्या भागाचं तेल वाचतं. टायटॅनियम वितळवण्याच्या पद्धती कडक झाल्या. चकत्यांच्या तपासण्याही. नासानं ऑगस्ट १९९५ मध्ये एमडी-११ हे विमान संगणकाच्या मदतीनं केवळ इंजिनांच्या जोरावर नीट उतरवून दाखवलं, पण प्रवासी विमानांत ती सोय आली नाही.

दुसरं कुठलं विमान असं उतरलं आहे का?

१२ ऑगस्ट १९८५ ला जपान एअरलाइन्सच्या १२३ क्रमांकाच्या विमानाच्याही सगळ्या हायड्रॉलिक गेल्या. ते डोंगरात पडलं, ५२० गेले, ४ वाचले. २००३ मध्ये बगदादहून निघालेल्या डीएचएलच्या मालवाहू विमानाला क्षेपणास्त्र लागलं, त्यातले तिघं मात्र विमान धावपट्टीवर घेऊन आले. २३२ चं सगळं जसंच्या तसं सिम्युलेटरवर लावून वैमानिकांना नंतर प्रयत्न करायला लावले, तर सुखरूप उतरवणं जवळपास अशक्य ठरलं.

त्या विमानात खूप मुलं होती असं ऐकलं.

हो, बावन्न. त्या दिवशी मुलांसाठी सवलतीचं तिकीट होतं. चार बाळं तिकिटाविना मांडीवर होती. तेव्हाच्या नियमाप्रमाणे मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी आईबापांना सांगितलं की बाळाला पायाशी जमिनीवर ठेवा आणि उशांनी टेकू द्या. चारांपैकी एक बाळ गेलं. बाहेर पडल्यावर ब्राउन यांना जी पहिली प्रवासी भेटली ती त्या बाळाची आई, परत धुरात जायला निघालेली. ब्राउन यांनी तिला अडवलं. तुम्हीच मला बाळाला खाली ठेवायला सांगितलंत, असं ती म्हणाली. ब्राउन यांनी पुढची कित्येक वर्षं लहानग्यांना स्वतःची खुर्ची आणि बांधून ठेवणारं आसन सक्तीचं व्हावं म्हणून खटपट केली. सुरक्षा मंडळानंही शिफारस केली. सक्ती अमेरिकेत अजून नाही. तिकडच्या विमान प्रशासनाचं म्हणणं, तिकीट घ्यावं लागलं तर लोक गाडीनं जातील आणि रस्त्यावर जास्त मुलं मरतील.

मग आपण बाळाला घेऊन प्रवास कसा करावा?

आपल्याकडंही दोन वर्षांखालचं बाळ मांडीवर चालतं, वेगळा छोटा पट्टा देतात. माझ्या लेकीला मी सांगितलं की परवडत असेल तर वेगळं तिकीट काढ आणि विमानात चालणारी बेबी सीट घे. कुठली चालते ते विमान कंपनीला आधी फोन करून विचारायचं, कारण गाडीतली प्रत्येक सीट चालत नाही. नातू तेव्हा चौदा महिन्यांचा होता. तिनं काढलं. पुणे ते दिल्ली तो खिडकीशी झोपून गेला.